चवळीचा कोंब आणि अकरावीचा अर्ज

रानातलं काम, जनावरांचं शेण-पाणी, रात्रीच्या भाकरी आटपून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या ताया, मावश्या आणि आज्ज्यांना आमचा नमस्कार. आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या पोरींनो, आज तुम्हीही जरा जवळ सरका, कारण आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

दहावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकीत बचतीआधी एकच विषय निघतो. पोरीला पुढं कुठं घालायचं? गावाजवळ कला शाखा आहे, विज्ञान शाखा तालुक्याला आहे. एसटी सकाळी लवकर, परत यायला संध्याकाळ. आई म्हणते, मार्क चांगले आहेत, पण विज्ञान घेऊन ती होणार काय? डॉक्टर करायची ऐपत नाही, इंजिनियर करायची ऐपत नाही. मग त्या विज्ञानाचा उपयोग काय? आणि मग अर्ज जवळच्याच कॉलेजचा भरला जातो. कला शाखेत काही कमी आहे असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही कला शाखेच्याच पदवीधर. पण पोरीला हवं होतं एक आणि मिळालं दुसरं, तेही फक्त "ती होणार काय" या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून, हे मनाला लागतं.

यंदा आमच्या एका गटातल्या मुलीनं बैठकीतच विचारलं, "अवकाशात शेती करायचं शिक्षण असतं का हो ताई?" बायका हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "इथल्या शेताला पाणी नाही, आन् ही वर जाऊन पेरणार!" पण पोरीनं प्रश्न मागं घेतला नाही. तेव्हा आम्ही ठरवलं की या प्रश्नाचं उत्तर नीट शोधायचं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या गावच्या मुलींना विचारलं, वाचलं. जे कळलं ते आज सांगतो.

उत्तर असं की हो, असं शिक्षण असतं आणि असं कामही असतं. त्याचे दोन भाग आहेत. पृथ्वीबाहेर कुठं जीव असेल का, असला तर तो कसा ओळखायचा, याचा अभ्यास म्हणजे खगोलजीवशास्त्र. आणि माणूस पृथ्वीबाहेर गेला तर त्याला श्वास, पाणी आणि अन्न कसं पुरवायचं, याचं काम म्हणजे जीवनरक्षक यंत्रणा. शब्द मोठे आहेत, पण आत शिरलं की सगळं ओळखीचं निघतं.

आधी दुसरा भाग घेऊ, कारण तो घर चालवणाऱ्या बाईला लगेच कळतो.

आपण गटाची व्यवहार वही लिहितो. आवक किती, जावक किती, शिल्लक किती. आता असं घर डोळ्यासमोर आणा, ज्याची दारं-खिडक्या कायमची बंद आहेत. बाहेर हवा नाही, विहीर नाही, दुकान नाही, उकिरडाही नाही. आत आहे तेवढ्यावरच भागवायचं आणि आतलं काही बाहेर टाकायचं नाही. पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरणारं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक हे बरंचसं असंच घर आहे. तिथं २००० सालापासून माणसं आळीपाळीनं सतत राहत आहेत. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. पिणं, जेवण आणि अंग पुसणं मिळून प्रत्येकाला रोज पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं. सगळं खालून रॉकेटनं पाठवायचं म्हटलं तर खर्च परवडायचा नाही. म्हणून तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं.

कसं? घामाची वाफ, श्वासातली वाफ आणि, हसू नका, लघवीसुद्धा. हे सगळं गोळा करून, गाळून, शुद्ध करून परत पिण्याजोगं करतात. २०२३ मध्ये या यंत्रणेनं ९८ टक्क्यांचा पल्ला गाठला. म्हणजे १०० लिटर गोळा झालं तर ९८ लिटर परत मिळतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाईला या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे यंत्र किती महत्त्वाचं आहे, त्याची एक खरी गोष्ट आहे. २०२४ च्या जूनमध्ये सुनीता विल्यम्स आणि त्यांचे सहकारी बुच विल्मोर स्थानकावर निघाले. जायचं होतं आठेक दिवसांसाठी. निघण्याच्या आधी कळलं की वरच्या लघवी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पंप बिघडलाय. नवा पंप नेणं भाग होतं आणि यानात जागा मोजकी. मग दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या आणि त्या जागी पंप ठेवला. पुढं यानातच बिघाड झाला आणि आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. लुगड्यापेक्षा पाण्याचा पंप आधी, हा हिशेब कुठल्याही बाईनं असाच केला असता.

हवेचं बघू. पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे दोन वायू होतात, प्राणवायू आणि हायड्रोजन. प्राणवायू माणसं घेतात. उरलेला हायड्रोजन माणसांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर एका यंत्रात घातला की त्यातून पुन्हा पाणी निघतं. म्हणजे उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. काही वाया घालवायचं नाही, हेच या सगळ्या विद्येचं सूत्र.

पण अन्न यंत्रातून निघत नाही. त्याला बी लागतं. आणि इथं आपला विषय सुरू होतो.

अवकाशात वजन नसतं. पाणी ओतलं तर खाली जात नाही, मुळांभोवती फुगा होऊन चिकटून बसतं. मुळं एकतर गुदमरतात, नाहीतर कोरडी राहतात. अमेरिकेच्या केनेडी अवकाश केंद्रातल्या जिओया मासा या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. माती आणि हळूहळू विरघळणारं खत भरलेल्या लहान उशा करायच्या, त्यात बी खोचायचं, वर लाल-निळे दिवे लावायचे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अवकाशवीरांनी अशा उशीत वाढलेली लाल पानांची लेट्यूस ही भाजी खाल्ली. २०२१ मध्ये तर तिथं मिरची पिकली. जुलैत बी लावलं, ऑक्टोबरच्या शेवटी पहिली तोडणी. आपल्याकडेही मिरचीला साधारण तेवढेच दिवस लागतात, नाही का?

आपला देशही यात मागं नाही. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी ६० हे रॉकेट सुटलं. त्यात एक लहान बंद पेटी होती आणि पेटीत चवळीचे आठ दाणे. आपण उसळीला भिजवतो तीच चवळी. चार दिवसांत तिला कोंब आले आणि पुढं दोन पानंही फुटली. पेटीतला प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, दमटपणा, मातीतली ओल, सगळ्याची नोंद जमिनीवर बसून घेत होते. पेटी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रानं केली होती. त्याच उड्डाणात पालकाच्या पेशींचा एक प्रयोग होता, तो आपल्या मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा.

मग २०२५ च्या जून-जुलैत आपले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला स्थानकावर राहून आले. खायला गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. आणि प्रयोगाला? मेथी आणि मूग! धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आणि तिथल्या आयआयटीनं हा प्रयोग दिला होता. वर मोड आणायचे, फोटो काढायचे, ते गोठवून परत आणायचे आणि मोडाच्या पोषणात, जंतूंमध्ये, पुढच्या पिढ्यांत काय फरक पडतो ते इथं तपासायचं. आणखी एका प्रयोगात पाण्यावर येणाऱ्या हिरव्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांना युरिया देऊन वाढवून बघितलं. माणसाच्या लघवीत युरियाच असतो. म्हणजे उद्या लघवीवर शेवाळ वाढेल, शेवाळ प्राणवायू देईल, आणि साखळी पुरी होईल. आपल्या आजीनं गोमूत्राचं जीवामृत करून वाफ्याला घातलं, तिचा विचार याहून फार लांबचा नव्हता.

मैत्रिणींनो, इथं आम्ही एक गोष्ट जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण ती आपल्या कंपोस्टच्या खड्ड्याची गोष्ट आहे.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात काचेची एक प्रचंड इमारत बांधली. नाव बायोस्फीअर-टू, म्हणजे दुसरी पृथ्वी. जवळजवळ सव्वातीन एकर जागा, वरून काच, पूर्ण हवाबंद. आत छोटं जंगल, छोटा समुद्र, शेती, शेळ्या, कोंबड्या. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये चार बाया आणि चार पुरुष आत गेले आणि दारं बंद झाली. दोन वर्षं तिथंच पिकवायचं आणि तिथंच खायचं.

पिकं आली. पोटभर नाही, माणसं बारीक झाली, पण जगली. मात्र काही महिन्यांतच लोकांना दम लागायला लागला, झोप येईना. हवेतला प्राणवायू कमी होत होता. बाहेर तो २१ टक्क्यांच्या आसपास असतो. आत तो सव्वा वर्षात साधारण साडेचौदा टक्क्यांवर आला. एवढी झाडं असताना प्राणवायू जातोय कुठं? शोध घेतला तेव्हा कळलं की पिकं चांगली यावीत म्हणून मातीत शेणखतासारखं सेंद्रिय खत भरपूर घातलं होतं. त्या मातीतले कोट्यवधी सूक्ष्म जीव खत कुजवत होते आणि कुजवताना प्राणवायू ओढून घेत होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळाला असता तर हिशेब जुळला असता. पण तो नव्या काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला. १९९३ च्या जानेवारीत शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

आता सांगा, कंपोस्टचा खड्डा उकरला की गरम वाफ येते, हे कुणाला नवीन आहे? ती वाफ म्हणजे आतल्या जीवांचं जगणं. माती श्वास घेते हे आपल्याला हाताला माहीत आहे. मोठमोठ्या इंजिनियरांच्या त्या इमारतीत माती आणि काँक्रीट दोघांचा एकत्र हिशेब मांडणारं माणूस हवं होतं. जीवनरक्षक यंत्रणेच्या कामात म्हणूनच यंत्र कळणारी माणसं लागतात तशीच माती, जंतू आणि पीक कळणारीही लागतात. चीनमध्ये पुढं असाच बंद घराचा प्रयोग झाला. चार-चार जणांच्या दोन तुकड्या आळीपाळीनं मिळून ३७० दिवस आत राहिल्या, गहू आणि भाज्या पिकवून. २०१८ मध्ये तो पार पडला. त्या प्रयोगाच्या मुख्य रचनाकार होत्या लिऊ हाँग, एक बाई.

आता पहिला भाग, जीव शोधण्याचा.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं जातं. आपल्यातल्या कित्येकींनी ते केलंय. बाटलीत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात घाणीचे जंतू आहेत. जंतू डोळ्याला दिसत नाहीत. ते जगताना जो बदल करतात तो दिसतो.

१९७६ साली अमेरिकेची व्हायकिंग याने मंगळावर उतरली, तेव्हा त्यांनी केलेला एक प्रयोग याच जातीचा होता. मंगळाची माती घेतली, तिला पाणी आणि खाद्य घातलं आणि वाट बघितली की काही वायू निघतो का. वायू निघाला! पण त्याच मातीत जीवाचे अवशेष मात्र सापडले नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञांचं मत पडलं की तो वायू मातीतल्या रसायनांमुळे निघाला. बाटली काळी पडली म्हणजे जंतूच, की आणखी काही? या एका प्रश्नावर माणसं आयुष्यभर काम करतात. खगोलजीवशास्त्र म्हणजे मुळात हा असा चोखंदळपणा आहे.

आणि हे काम महाराष्ट्रातही झालंय. डॉ. जयंत नारळीकर हे नाव तुम्ही ऐकलंय. त्यांच्या पुढाकारानं इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून मोठे फुगे आकाशात सोडले गेले. २००५ च्या फुग्यानं २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. एवढ्या उंचीवर जीव असतील का, हा प्रश्न होता. ती हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक आपल्या पुण्याची, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राची. तपासात जिवाणू सापडले आणि त्यांतल्या तीन जाती जगाला नवीन होत्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला फ्रेड हॉइल या शास्त्रज्ञाचं. हे जीव बाहेरून आले असं सिद्ध झालं नाही. पण ते एवढ्या उंचीवर सापडले, हे कळलं.

बुलढाण्याचं लोणार सरोवर तर आपण सहलीला बघितलेलं. आकाशातून आलेल्या पाषाणानं काळ्या बसाल्ट खडकात पडलेला तो खड्डा. मंगळावरही असाच खडक आहे आणि असेच खड्डे आहेत, म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आठवतं? लोक देवाचा कोप म्हणाले, कुणी रंगाचा कारखाना म्हणाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाणी तपासलं तेव्हा कळलं की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात वाढणारे सूक्ष्म जीव फोफावले, रंग त्यांचा. अशा खारट पाण्यात कोण जगतं, हे शोधणारी मुलगी लोणारच्या काठच्या गावचीही असू शकते.

आता पोरींनो, वही उघडा. शिक्षण कसं घ्यायचं ते सांगतो.

अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालाय. विज्ञान शाखा घेणार असाल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. अभ्यास जड जाईल, पण दोन्ही दारं उघडी राहतील. बारावीनंतर वाटा चार.

पहिली वाट शेतीची. राज्याच्या सीईटीमधून बीएस्सी कृषी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांत आणि त्यांच्या महाविद्यालयांत. मेथी-मुगाचा तो प्रयोग एका कृषी विद्यापीठाचा होता, हे लक्षात ठेवा.

दुसरी वाट सूक्ष्मजीवशास्त्राची. बीएस्सी, मग एमएस्सी. जिल्ह्याच्या महाविद्यालयातही होते. पुण्याच्या आयसरमध्ये जायचं तर त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते.

तिसरी वाट यंत्रांची. इंजिनियरिंग किंवा अन्न तंत्रज्ञान. तिरुवनंतपुरमला अवकाश विभागाची स्वतःची संस्था आहे, तिथं जेईई ॲडव्हान्स्डमधून प्रवेश होतो. आणि अवकाशवीरांचं जेवण तयार करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा म्हैसूरला आहे. आपण कुरडया-सांडगे वाळवतो, तिथं जेवण गोठवून वाळवतात.

चौथी वाट फार कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. दहावीनंतर आयटीआय. इस्रो दहावी आणि आयटीआय झालेल्या मुला-मुलींची तंत्रज्ञ म्हणून भरती करते. फिटर, इलेक्ट्रॉनिक्स, फ्रिज-एसीचं काम, असे ट्रेड. डिप्लोमा झालेल्यांसाठी तांत्रिक सहायकाच्या जागा निघतात. गगनयानातून आपली माणसं अवकाशात जातील, त्यांच्या हवा-पाण्याची यंत्रणा इस्रो देशातच तयार करते आहे. त्यातली प्रत्येक नळी कुणीतरी जोडतं, प्रत्येक झडप कुणीतरी तपासतं.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. या क्षेत्रातल्या जागा थोड्या आहेत. हजारो मुलं अर्ज करतात, मोजकी निवडली जातात. पोरगी अवकाश शास्त्रज्ञ होईलच असं सांगून आम्ही कुणाला फसवणार नाही. पण वाट अशी निवडा की शेवटापर्यंत पोचलं नाही तरी मधल्या कुठल्याही थांब्यावर उतरता यावं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलीला दूध संघाच्या प्रयोगशाळेत, पाणी तपासणीत, औषधाच्या कारखान्यात, जैविक खताच्या उत्पादनात काम असतं. कृषी पदवीधर मुलगी रोपवाटिका काढेल, स्पर्धा परीक्षा देईल. आयटीआयची मुलगी तालुक्यात हाताला काम मिळवेल. अवकाशासाठी शिकलेलं काहीच जमिनीवर वाया जात नाही, कारण तिथलं शिक्षणच हवा, पाणी, माती आणि अन्न यांचं आहे.

आता पैशाचं. आईचा खरा प्रश्न तोच.

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. पास शाळा-कॉलेजमधून मागून घ्या. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के माफी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या आधीपासून आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, सेतू केंद्रात नंतर रांग लागते.

आणि नववीच्या मुलींसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम आहे. साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकायचं. येण्या-जाण्याचा, राहण्या-खाण्याचा खर्च इस्रो करते. आठवीचे मार्क बघतात, आणि पंचायत क्षेत्रातल्या ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत जादा गुण मिळतात. गावच्या शाळेत शिकल्याचा फायदा होणारी अशी जागा क्वचितच असते, ती सोडू नका. वर्षाच्या सुरुवातीला ऑनलाइन अर्ज निघतात, मुख्याध्यापकांना आठवण करून द्या.

राहिला आपल्या गटांचा वाटा. दशसूत्रीत शिक्षणाचं सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. म्हशीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, लग्नालाही देतो. मग मुलीच्या अकरावीच्या फीला, सीईटीच्या पुस्तकांना अंतर्गत कर्ज का नको? आमच्या काही गटांनी यंदा ठराव वहीत तसा ठराव लिहिला आहे की मुलीच्या शिक्षणाची मागणी आली तर ती आधी घ्यायची. दोन-तीन गावच्या मुली एकाच कॉलेजात घातल्या तर एकीला दुसरीची सोबत होते आणि घरच्यांचा जीवही थाऱ्यावर राहतो. "पोर एकटी कशी जाईल" याचं उत्तर एकट्या आईकडे नसतं, ते ग्रामसंघाकडे असू शकतं.

जाता जाता एक प्रयोग. आज रात्री मूग भिजत घाला. मोड आले की एक मोड ओल्या फडक्यात गुंडाळून काचेच्या ग्लासच्या कडेला लावा, मूळ खाली करून. दुसऱ्या दिवशी ग्लास आडवा करा. एक-दोन दिवसांत बघा, मूळ वळून पुन्हा जमिनीकडे गेलेलं दिसेल. खाली कुठं आहे हे त्या मुळाला वजनामुळे कळतं. आता पोरीला विचारा, जिथं वजनच नाही तिथं मूळ कुठं जाईल? तिनं उत्तर दिलं नाही आणि उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारले, तर समजा की ही विज्ञानाची पोर आहे.

ज्या मुलीनं आम्हाला तो प्रश्न विचारला, तिच्या अर्जाचं अजून घरात ठरायचंय. तिची आई हे बोलणं ऐकत असेल. ताई, तुम्हाला घाई करा असं आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या बैठकीला तिला घेऊन या. गट तुमचा आहे, पोर आपल्या सगळ्यांची आहे. आणि ज्या ज्या घरात असा अर्ज दप्तरात पडून आहे, त्या सगळ्याच तायांना आमचं हेच सांगणं.

काही अडलं तर गटाच्या सीआरपी ताईंना विचारा, त्या आमच्यापर्यंत पोचवतील. पुढच्या वेळी आपण दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरायचे ते एक एक करून बघू. वही-पेन जवळ ठेवा. नमस्कार.